लग्नाच्या जुन्या व्हिडिओत कंगव्यासारख्या रेघा का दिसतात? 'इंटरलेस्ड' व्हिडिओ नीट कसा करायचा?

फॅमिली ग्रुपवर एक व्हिडिओ येतो. वीस वर्षांपूर्वीचं लग्न, मांडव, सनई. सगळे खूश होतात. पण व्हिडिओ मोठा करून पाहिला की कोणीतरी विचारतंच, "अरे, हे असं फाटल्यासारखं का दिसतंय?"

आमच्याकडेही असंच झालं. माझ्या मावशीचं लग्न २००४ मध्ये रोह्याला झालं. त्या लग्नाची मिनी डीव्ही कॅसेट कपाटात पडून होती. मागच्या वर्षी ती एका दुकानात देऊन 'डिजिटल' करून घेतली. घरी आली एक एमपीफोर फाइल. त्यात आजोबा अक्षता टाकायला हात वर करतात आणि त्यांच्या हाताचे आडवे तुकडे तुकडे होतात. आजोबा आता नाहीत. त्यांचं चालतं-बोलतं चित्र म्हणून आमच्याकडे तेवढंच आहे. दुकानदार म्हणाला होता, "कॅसेट जुनी झाली, एवढंच येणार. आता टाकून दिली तरी चालेल."

नशीब, टाकली नाही. कारण कॅसेट एकदम ठणठणीत होती. घोळ झाला होता तो फाइल बनवताना.

पेण असो, रोहा असो की तुमचं गाव, १९९० च्या दशकापासून साधारण २०१० पर्यंत शूट झालेल्या बहुतेक लग्नांचे, मुंजींचे, गणपतीचे आणि पालख्यांचे व्हिडिओ याच प्रकारचे आहेत. त्यामुळे हा घोळ काय आहे ते एकदा समजून घेऊया.

इंटरलेस्ड म्हणजे नेमकं काय?

आज तुमचा मोबाइल व्हिडिओ काढतो तेव्हा एका सेकंदात ३० किंवा ६० पूर्ण चित्रं घेतो. प्रत्येक चित्र पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत अख्खं. याला 'प्रोग्रेसिव्ह' म्हणतात.

जुन्या कॅमेऱ्यांचं तसं नव्हतं. ते चित्र अर्धं अर्धं घ्यायचे. आधी १, ३, ५, ७ अशा विषम ओळी. मग एका सेकंदाच्या ५० व्या भागानंतर २, ४, ६, ८ अशा सम ओळी. या प्रत्येक अर्ध्या चित्राला 'फिल्ड' म्हणतात. दोन फिल्ड एकमेकांत गुंफल्या की एक फ्रेम तयार होते. गुंफणं म्हणजेच इंटरलेसिंग.

भारतात टीव्हीसाठी 'पाल' ही पद्धत वापरली गेली. तिचे आकडे असे:

- एका सेकंदात २५ फ्रेम, म्हणजे ५० फिल्ड
- एकूण ६२५ ओळी, त्यातल्या चित्राच्या ५७६
- डिजिटल फाइलमध्ये चित्राचा आकार ७२० × ५७६

अमेरिका आणि जपानमध्ये 'एनटीएससी' पद्धत होती. तिथे ५२५ ओळी, डिजिटलमध्ये ७२० × ४८० आणि सेकंदाला जवळपास ६० फिल्ड. एखाद्या नातेवाइकाने अमेरिकेहून आणलेल्या कॅमेऱ्यावर शूट केलं असेल, तर फाइल या मापाची निघू शकते.

पण असं अर्धं अर्धं का करायचे?

कारण जुन्या टीव्हीच्या काचेवर सेकंदाला फक्त २५ वेळा चित्र उमटवलं, तर ते डोळ्यांना लुकलुकताना दिसतं. ५० वेळा उमटवलं तर लुकलुक जवळजवळ जाते. पण ५० पूर्ण चित्रं पाठवायची तर प्रक्षेपणाला दुप्पट जागा लागणार. मग मधला मार्ग निघाला: ५० वेळा पाठवा, पण दर वेळी अर्ध्याच ओळी.

बीबीसीने नोव्हेंबर १९३६ मध्ये लंडनहून टीव्ही सेवा सुरू केली, तेव्हा ४०५ ओळींची इंटरलेस्ड पद्धत वापरात आली. आपल्याकडे दूरदर्शनची सुरुवात १५ सप्टेंबर १९५९ ला दिल्लीत झाली आणि मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं. तेव्हापासून घरातल्या त्या जाड, पेटीसारख्या टीव्हीवर आपण इंटरलेस्ड चित्रंच पाहत होतो. कुणालाच रेघा दिसल्या नाहीत, कारण तो टीव्ही एकामागून एक फिल्ड दाखवण्यासाठीच बनवलेला होता.

मोबाइल, लॅपटॉप आणि आजचे टीव्ही एका वेळी अख्खं चित्र दाखवतात. दोन वेगवेगळ्या क्षणांची अर्धी चित्रं त्यांनी एकत्र दाखवली की प्रॉब्लेम सुरू होतो.

रेघा फक्त हलणाऱ्या गोष्टींवरच का?

समजा, रोहा स्टेशनच्या फलाटावर उभं राहून कोणी गाडी शूट केली. (कोकण रेल्वेचा मार्ग इथूनच सुरू होतो, त्यामुळे जुन्या घरगुती कॅसेटमध्ये अशी दृश्यं सापडतातच.) गाडीचं इंजिन स्क्रीनच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत दोन सेकंदांत गेलं.

आता हिशोब करा. ७२० पिक्सेलचं अंतर दोन सेकंदांत, म्हणजे सेकंदाला ३६० पिक्सेल. दोन फिल्डमध्ये एका सेकंदाच्या ५० व्या भागाचं अंतर. तेवढ्या वेळात इंजिन सुमारे ७ पिक्सेल पुढे सरकलं. म्हणजे विषम ओळींत इंजिन एका जागी आणि सम ओळींत ७ पिक्सेल पुढे. दोन्ही एकत्र दाखवल्या की इंजिनाच्या कडेला कंगव्याचे दात तयार होतात.

मागचा स्टेशनचा बोर्ड मात्र स्वच्छ दिसतो, कारण तो हललेलाच नाही. म्हणूनच लग्नाच्या व्हिडिओत मखरात बसलेली देवाची मूर्ती छान दिसते आणि नाचणारी वरात फाटलेली दिसते.

तुमच्या व्हिडिओला नेमकं काय झालंय? लक्षणं ओळखा

सगळे बिघाड एकसारखे नसतात. उपाय करण्याआधी व्हिडिओ थांबवा, हालचालीच्या जागी जा आणि एकेक फ्रेम पुढे सरकवा.

*१. कंगव्याचे दात.* हलणाऱ्या गोष्टींच्या कडेला बारीक आडव्या रेघा. फाइल इंटरलेस्ड आहे आणि कोणी तिच्यावर काहीच प्रक्रिया केलेली नाही. हा सगळ्यात सोपा प्रकार. पूर्ण दुरुस्त होऊ शकतो.

*२. जाड, लाटांसारख्या पट्ट्या.* दात बारीक नाहीत, जाड आणि अस्पष्ट आहेत. याचा अर्थ दात असतानाच कोणीतरी चित्राची उंची बदलली. ५७६ ओळींचं चित्र ७२० किंवा ४८० ओळींचं केलं. त्यात दोन्ही फिल्डच्या ओळी एकमेकींत मिसळल्या. ही फाइल पुन्हा नीट होणं फार अवघड.

*३. भुतासारखी दुहेरी आकृती.* दात नाहीत, पण हात हलला की दोन पुसट हात दिसतात. दोन फिल्ड सरासरी काढून मिसळल्या आहेत. हेही परत वेगळं करता येत नाही.

*४. पुढे-मागे धक्के.* माणूस दोन पावलं पुढे, एक पाऊल मागे असा थरथरत चालतो. इथे फिल्डचा क्रम उलटा झालाय. आधीचं अर्धं चित्र नंतर आणि नंतरचं आधी दाखवलं जातंय. क्रम बदलला की सुटतं.

*५. लाल रंगाच्या कडा करवतीसारख्या.* चित्र बरं दिसतं, पण लाल शालू किंवा विसर्जनातला गुलाल आला की कडा दातेरी होतात. पाल डीव्ही आणि डीव्हीडीमध्ये रंगाची माहिती उजेडाच्या माहितीपेक्षा कमी ओळींत साठवलेली असते. सॉफ्टवेअरने इंटरलेस्ड चित्राला प्रोग्रेसिव्ह समजून ती वाचली, की एका फिल्डचा रंग दुसऱ्या फिल्डवर सांडतो.

*६. माणसं जाड किंवा बारीक.* हा दोष इंटरलेसिंगचा नाही, पण त्याच फायलींत हमखास सापडतो. ७२० × ५७६ मधले पिक्सेल चौरस नसतात. ४:३ चा व्हिडिओ चौरस पिक्सेलमध्ये ७६८ × ५७६ असायला हवा. तोच १६:९ मध्ये ताणला की नवरी-नवरा दोघंही आडवे वाढतात.

फाइलला विचारा, पण तिच्यावर पूर्ण विश्वास ठेवू नका

'मीडियाइन्फो' नावाचं मोफत सॉफ्टवेअर आहे. त्यात फाइल उघडली की 'स्कॅन टाइप' आणि 'स्कॅन ऑर्डर' अशा नोंदी दिसतात. स्कॅन टाइपमध्ये फाइल इंटरलेस्ड आहे की प्रोग्रेसिव्ह ते कळतं. स्कॅन ऑर्डरमध्ये आधी कोणती फिल्ड ते कळतं: 'टॉप फिल्ड फर्स्ट' म्हणजे विषम ओळी आधी, 'बॉटम फिल्ड फर्स्ट' म्हणजे सम ओळी आधी.

साधारण अंदाज असा:

- मिनी डीव्ही कॅसेट: बॉटम आधी
- एचडीव्ही आणि एव्हीसीएचडी कॅमेऱ्यांचं १०८० आय शूटिंग: टॉप आधी
- डीव्हीडी: दोन्हीपैकी काहीही, तपासूनच ठरवा

त्या काळात लग्नाच्या व्हिडिओवाल्यांच्या हातात सोनीचा पीडी १७० किंवा खांद्यावर पॅनासोनिकचा एमडी १०००० हमखास दिसायचा. हे दोन्ही डीव्ही कॅसेटचे कॅमेरे. म्हणजे शूटिंग बॉटम आधी.

पण नोंद चुकीची असू शकते. दुकानात इंटरलेस्ड चित्र प्रोग्रेसिव्ह म्हणून सेव्ह केलं, तर फाइल स्वतःला प्रोग्रेसिव्हच म्हणवते आणि चित्रात मात्र दात असतात. अशा वेळी नोंदीपेक्षा डोळ्यांवर विश्वास ठेवा.

उपाय: डीइंटरलेसिंगच्या चार पद्धती

दोन फिल्डमधून स्वच्छ पूर्ण चित्र बनवणं म्हणजे डीइंटरलेसिंग.

*एक फिल्ड फेकून द्या.* दात जातात, पण निम्म्या ओळीही जातात. चित्र मऊ होतं.

*दोन्ही मिसळा.* 'ब्लेंड' पद्धत. दातांऐवजी भुतं मिळतात. शक्यतो टाळा.

*प्रत्येक फिल्डची स्वतंत्र फ्रेम बनवा.* 'बॉब' पद्धत. ५० फिल्डच्या ५० फ्रेम. हालचाल जुन्या टीव्हीवर दिसायची तशीच गुळगुळीत राहते. साध्या बॉबमध्ये चित्र किंचित वरखाली थरथरतं.

*हुशारीने भरा.* हे फिल्टर मागच्या-पुढच्या फिल्ड पाहतात. जे स्थिर आहे तिथे दोन्ही फिल्डच्या ओळी ठेवतात, जे हलतंय तिथे मधल्या ओळी अंदाजाने भरतात. 'याडिफ' आणि 'बीडब्ल्यूडीआयएफ' हे यातले मोफत आणि वेगवान फिल्टर. 'क्यूटीजीएमसी' त्याहून सरस, पण खूप सावकाश चालतो. तो वापरायचा असेल तर 'हायब्रिड' हे मोफत सॉफ्टवेअर सोपं पडतं.

घरच्या घरी कसं कराल?

फक्त बघायचं असेल तर व्हीएलसी पुरे. त्याच्या 'व्हिडिओ' मेनूत 'डीइंटरलेस' सुरू करा आणि मोड 'याडिफ २ एक्स' निवडा. रेघा गायब होतील. पण लक्षात ठेवा, यात फाइल बदलत नाही. तीच फाइल व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली तर समोरच्याला रेघा दिसणारच.

फाइलच दुरुस्त करायची असेल तर मोफत 'हँडब्रेक' वापरा:

१. मूळ फाइल उघडा. मूळ म्हणजे कॅसेटवरून घेतलेली डीव्ही फाइल किंवा डीव्हीडी. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेली नव्हे.

२. 'फिल्टर्स'मध्ये जाऊन 'इंटरलेस डिटेक्शन' बंद करा. म्हणजे फाइल स्वतःला प्रोग्रेसिव्ह म्हणत असली तरी प्रत्येक फ्रेमवर काम होईल.

३. 'डीइंटरलेस'मध्ये 'बीडब्ल्यूडीआयएफ' किंवा 'याडिफ' निवडा आणि प्रीसेट 'बॉब' ठेवा.

४. 'व्हिडिओ'मध्ये फ्रेम रेट ५० करा. इथे २५ किंवा ३० ठेवलं तर बॉबचा फायदा गेला. ३० तर कधीच नको, पाल व्हिडिओत त्याने ठरावीक अंतराने झटके येतात.

५. 'डायमेन्शन्स'मध्ये ४:३ चं प्रमाण राखलंय ना ते पाहा.

६. आधी हालचाल असलेला एखाद मिनिटाचा तुकडा बनवून तपासा. पुढे-मागे धक्के दिसले तर फिल्डचा क्रम चुकलाय. क्रम स्वतः निवडू देणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये तो उलटा करून पुन्हा बघा.

प्रीमियर प्रोमध्ये एडिटिंग करत असाल तर क्लिपच्या 'इंटरप्रिट फुटेज'मध्ये फिल्डचा क्रम बरोबर द्या, सिक्वेन्स प्रोग्रेसिव्ह ठेवा आणि एक्स्पोर्टही प्रोग्रेसिव्ह करा. त्याहून बरं म्हणजे आधी वेगळं डीइंटरलेस करून मगच एडिटिंगला घ्या.

क्रम चुकला की सगळं चुकलं

या लेखातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही: आधी डीइंटरलेस, मग बाकी सगळं.

बाकी सगळं म्हणजे लहान-मोठं करणं, क्रॉप, फिरवणं, हलणारं चित्र स्थिर करणं, स्लो मोशन, फिल्टर. यातली बहुतेक कामं ओळी एकमेकींत मिसळतात आणि एकदा मिसळल्या की फिल्ड वेगळ्या काढता येत नाहीत. साधं क्रॉपसुद्धा फसवतं. वरून एकच ओळ कापली तर विषम ओळी सम होतात आणि फिल्डचा क्रम उलटतो.

रील बनवणाऱ्यांना हा फटका जास्त बसतो. आडव्या ४:३ चित्रातून उभा तुकडा कापून मोठा करायचा असतो. दात असलेलं चित्र मोठं केलं की ते दात स्क्रीनभर होतात. शिवाय दातांमुळे चित्रात खोटा तपशील वाढतो आणि अ‍ॅप फाइल दाबताना चेहऱ्यांचा दर्जा घसरतो.

उलट नीट केलं तर एक बोनस मिळतो. ५० फ्रेमचा व्हिडिओ २५ च्या वेगाने चालवला की निम्म्या वेगाची खरीखुरी स्लो मोशन तयार. पेणच्या कारखान्यातून डोक्यावर मूर्ती घेऊन निघालेली माणसं किंवा रोह्यात धावीर महाराजांच्या पालखीला पोलीस देतात ती सशस्त्र मानवंदना, अशी दृश्यं यात सुंदर दिसतात.

यूट्यूबसाठी दोन गोष्टी. एक, इंटरलेस्ड व्हिडिओ डीइंटरलेस करूनच अपलोड करा, असं यूट्यूबचंही सांगणं आहे. दोन, ५० फ्रेमचा वेग यूट्यूबवर ७२० किंवा त्यावरच्या दर्जातच टिकतो. म्हणून डीइंटरलेस झाल्यावर ४:३ चा व्हिडिओ १४४० × १०८० करून चढवा.

एआयने सुधारता येईल का?

चित्र मोठं आणि स्पष्ट करणारी एआय टूल्स आता भरपूर आहेत. पण रेघा असलेलं चित्र त्यांना दिलं तर रेघांनाच तपशील समजून ती अजून ठळक होऊ शकतात. म्हणून तेही डीइंटरलेसनंतरच.

आणखी एक काळजी. लहान, पुसट चेहऱ्यात नसलेला तपशील एआय अंदाजाने भरतं. पाहुण्यांच्या गर्दीत चालून जाईल. पण गेलेल्या माणसाचा चेहरा थोडासा वेगळा झालेला घरच्यांना लगेच कळतो. अशी आवृत्ती वेगळी ठेवा, मूळ फाइल तशीच जपा.

दुकानात कॅसेट देताना काय सांगाल?

- "मिनी डीव्ही फायरवायर केबलने घ्या." त्यात कॅसेटवरचा डिजिटल डेटा जसाच्या तसा उतरतो. लाल-पांढऱ्या-पिवळ्या पिनांच्या केबलने घेतलं तर दर्जा कमी होतो.
- "मूळ डीव्ही फाइल पण द्या, फक्त एमपीफोर नको." एका तासाच्या कॅसेटची फाइल साधारण १३ जीबी होते. पेन ड्राइव्ह मोठा न्या.
- "चित्राचा आकार बदलू नका." ७२० × ५७६ तसंच राहू द्या.
- "कॅसेट परत हवी."

आधीच एमपीफोर करून घेतली असेल तर तिची उंची तपासा. उंची अजून ५७६ असेल आणि दात बारीक असतील तर आशा आहे, वरची पद्धत वापरून बघा. रुंदी बदललेली असली तरी फारसं बिघडत नाही, कारण फिल्ड आडव्या ओळींत असतात. उंची बदललेली असेल तर पुन्हा कॅसेटकडेच जावं लागेल.

कधी डीइंटरलेस करू नये?

प्रत्येक जुना व्हिडिओ इंटरलेस्ड नसतो. सिनेमाच्या डीव्हीडीत बऱ्याचदा दोन्ही फिल्ड एकाच क्षणाच्या असतात. काही कॅमेऱ्यांत २५ पूर्ण फ्रेमचा मोड होता. हालचालीतही दात दिसत नसतील तर हात लावू नका, उगाच तपशील जाईल.

लग्नाच्या डीव्हीडीत तर मिक्सिंग असतं. कॅमेऱ्याचं शूट, सिनेमाचं गाणं, फोटोंचा स्लाइड शो, हृदयात फिरणारी नावं. एका भागाचं तपासून सगळ्याला तेच लावू नका, तीन-चार ठिकाणी बघा.

थांबू मात्र नका

कोकणातला पावसाळा कॅसेटचा शत्रू आहे. दमटपणाने फितीवर बुरशी येते आणि अशी कॅसेट प्लेअरमध्ये घातली तर प्लेअरही खराब होऊ शकतो. चालू स्थितीतले डीव्ही कॅमेरे आणि प्लेअर दरवर्षी कमी होतायत. बिघडलेली एमपीफोर पुन्हा बनवता येईल, पण कॅसेट वाचवणारं यंत्रच मिळालं नाही तर काहीच करता येणार नाही.

आम्ही मावशीच्या लग्नाची कॅसेट दुसऱ्यांदा उतरवून घेतली, या वेळी फायरवायरने. मग हँडब्रेक, बॉब, ५० फ्रेम. आजोबांचा हात आता एकसंध वर जातो आणि अक्षता पडताना दिसतात. आजीने तेवढा भाग चार वेळा बघितला. तिला इंटरलेसिंग वगैरे काही सांगितलं नाही. ती एवढंच म्हणाली, "आता कसे नीट दिसतायत."

तुमच्या कपाटातही अशी एखादी कॅसेट असेल. ती या पावसाळ्याआधी बाहेर काढा.